आईचं शिक्षण

पोस्टातली नोकरी मी मुदतीच्या चार वर्षं आधी सोडली आणि त्याच उन्हाळ्यात मुलांचा वाचनवर्ग सुरू केला. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घरामागच्या गल्लीत एक यंत्रमागाची शेड बरीच वर्षं बंद होती. माग भंगारात गेले होते, जमिनीवर त्यांच्या पायांचे नट-बोल्ट तेवढे उरले होते. मालक ओळखीचे. त्यांनी किल्ली दिली, मी दोन सतरंज्या आणि घरातली पुस्तकं नेऊन ठेवली. पहिल्या संध्याकाळी सहा मुलं आली. तीन वर्षांत चाळीसेक झाली.

बहुतेक मुलं विणकरांच्या घरची, म्हणजे घरी तेलुगू बोलणारी. त्यांच्या आया विड्या वळतात. काही मुलं मुसलमान, काही दक्षिण सोलापूरच्या खेड्यांतून कामासाठी शहरात आलेल्या घरांतली. शाळा मात्र सगळ्यांची मराठी. पाचवीतल्या मुलाला धड्याचं पान समोर ठेवलं की तो पहिला शब्द वाचायचा, दुसरा ओळखायचा आणि तिसऱ्यापासून अंदाजानं बोलायचा. आमचा वर्ग एवढ्याचसाठी होता, की अंदाज सुटावा आणि वाचन यावं. माझ्या मदतीला बी.ए. झालेली एक मुलगी होती. तिला मी माझ्या पेन्शनमधून थोडंफार देत असे.

तिसऱ्या वर्षी मालक म्हणाले, ‘‘बाई, पोरं म्हणायलेत शेड भाड्यानं द्यायची. मी अडवून धरतो, पण किती दिवस धरू?’’ त्यांची चूक नव्हती. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, कुणाकडून तरी रीतसर मदत मागायला हवी.

माझ्या पोस्टातल्या एका मैत्रिणीची मुलगी पुण्यात एका संस्थेसाठी असे अर्ज लिहिण्याचंच काम करते. तिनं एका ट्रस्टची माहिती पाठवली. मुलांच्या वाचनासाठी ते अनुदान देत होते, अर्ज मराठीतही चालणार होता. फोनवर ती म्हणाली, ‘‘काकू, तुमचं काम चांगलंच आहे. पण त्यांच्यासमोर असे दोनशे अर्ज येणार. तुमची गरज त्यांना दिसली पाहिजे. आणि एका मुलाची गोष्ट मागितलीय ना, ती अशी लिहा की वाचणारा थांबला पाहिजे.’’

अर्जात मुलांच्या घरची माहिती भरायची होती. वडिलांचा व्यवसाय, आईचा व्यवसाय, वडिलांचं शिक्षण, आईचं शिक्षण. मी आणि माझी मदतनीस मुलगी आठवडाभर घरोघर फिरलो. दारात उभं राहून विचारायचं, ‘‘अक्का, शाळा कितवीपर्यंत झाली?’’ आतून उत्तर यायचं, ‘‘न्हाई झाली.’’ आम्ही लिहायचो: निरक्षर. एकामागून एक घर, एकाखाली एक तोच शब्द. त्या यादीकडे बघताना मला मनातून थोडं बरंही वाटलं होतं. हे आज लिहायला लाज वाटते, पण ते खरं आहे. पुण्याच्या मुलीनं सांगितलेली गरज आता कागदावर ठळक दिसत होती.

गोष्टीसाठी मी वर्गातली सगळ्यात पुढे गेलेली मुलगी निवडली. दहा वर्षांची, काटकुळी, दोन वेण्या. पहिल्या वर्षी ती ‘कमळ’ हा एक शब्द सोडून काही वाचत नसे. आता ती पुस्तक संपवून ‘‘बाई, दुसरं’’ म्हणत समोर येऊन उभी राहायची. मी दोन रात्री खपून तिच्यावर तीनशे शब्द लिहिले. नाव बदललं. चिमणीच्या घरट्याएवढं घर, विड्या वळणारी आई, तंबाखूचा वास, आणि त्यात पुस्तक हातात घेतलेली मुलगी. एक वाक्य मला फार आवडलं होतं. ‘ज्या घरात आजवर कुणीही एक अक्षर वाचलं नव्हतं, त्या घरात आता रोज संध्याकाळी वाचनाचा आवाज घुमतो.’

नवी पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात मी तो अर्ज टाइप करून घेतला आणि एक प्रत घेऊन तशीच वर्गावर आले. कागद टेबलावर ठेवून पाणी भरायला गेले. परत आले तर ती मुलगी टेबलाशी उभी राहून वाचत होती. बोट ओळीखाली, ओठ हलत होते. आमच्या वर्गाचा नियमच होता की टेबलावरचं काहीही वाचायला हरकत नाही, त्यामुळे तिला रागवायची सोय नव्हती.

‘‘बाई, ही मीच हाय की,’’ ती म्हणाली.

‘‘नाव वेगळं आहे ना?’’

‘‘नाव वेगळं हाय. पण कारखान्याच्या मागचं घर, दोन वेण्या, धाकटा भाऊ. मीच हाय.’’ तिला त्याचं वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. उलट जराशी खूश होती. मग तिचं बोट त्या वाक्यावर आलं. तिनं ते मोठ्यानं वाचलं, न अडखळता, ‘घुमतो’पर्यंत. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘हे खोटं हाय बाई.’’

‘‘काय खोटं?’’

‘‘आई वाचती की. रोज वाचती.’’

मला वाटलं, पोरीला आईची लाज वाटू नये म्हणून ती काहीतरी बोलते आहे. मी मायेनं म्हटलं, ‘‘असू दे गं. आईला येत नसेल तर त्यात काय—’’

‘‘येतंय,’’ ती म्हणाली. ‘‘तेलुगूत येतंय. गल्लीतल्या सगळ्या अक्कांना वाचून दावती. तुमी कदी दुपारी आलाच न्हाई, म्हनून.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. तिच्या घरापुढे अरुंद ओटा आहे. तिथं पाच-सहा बायका मांडीवर सुपं घेऊन बसल्या होत्या. पान हातात, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा, की झाली विडी. बोटांकडे कुणी बघतही नव्हतं. सगळ्यांची तोंडं दाराकडे वळलेली. दाराच्या चौकटीला टेकून त्या मुलीची आई बसली होती. तिच्या हातात एक जुनं तेलुगू मासिक होतं. मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं, त्या जागी वर्तमानपत्राचा कागद चिकटवलेला. ती वाचत होती.

मला तेलुगू कामापुरतं समजतं, गोष्ट समजण्याइतकं नाही. पण ती कसं वाचत होती ते समजत होतं. एका पात्राचा आवाज जाड, दुसऱ्याचा चोरटा. मधेच थांबून तिनं वर पाहिलं, तेव्हा एक म्हातारी ‘‘अय्यो’’ म्हणाली आणि दुसरी हसत सुटली. पान उलटताना आणखी एक गोष्ट दिसली. शेजारच्या बाईनं आपल्या सुपातल्या काही विड्या उचलून तिच्या रिकाम्या सुपात टाकल्या. मग पलीकडचीनं टाकल्या. ती वाचते तेवढा वेळ तिचे हात थांबतात, म्हणून बाकीच्या आपल्यातलं थोडं थोडं तिला देत होत्या. किती वर्षं हे असं चाललं होतं कोण जाणे. आणि मी या गल्लीला वाचन शिकवायला आले होते.

मला बघताच तिनं मासिक पदराखाली घेतलं. चोरी सापडावी तसं.

‘‘बसा बाई. पोरगीनं काय केलं?’’

‘‘काही नाही केलं. तुम्ही वाचता हे तिनं सांगितलं, म्हणून आले.’’

ती ओशाळून हसली. ‘‘त्ये काय वाचनं! टाइमपास हाय.’’

मी तिच्याजवळ टेकले. ‘‘मी मागे माहिती विचारायला आले होते तेव्हा तुम्ही बोलला नाहीत.’’

‘‘तुमी काय इचारलं? शाळा किती झाली. शाळा झालीच न्हाई, मग न्हाई म्हनलं.’’ तिच्या स्वरात तक्रार नव्हती. ‘‘वाचता येतं का म्हनून कोन इचारतंय?’’

तिला अक्षरं वडिलांनी शिकवली होती. ते हातमागावर बसायचे. ती खाली त्यांच्या पायाशी. सुताला लावायची खळ हाताला असायची, त्याच बोटानं ते फरशीवर एक अक्षर काढायचे आणि वाळायच्या आत तिनं ते गिरवायचं. ‘‘वाळलं की चान्स गेला,’’ ती म्हणाली आणि खळखळून हसली. नात्यातलं कुणी तिकडून तेलंगणातून आलं की जुनी मासिकं यायची. वडील गेले, मासिकं राहिली. ओट्यावरच्या बायकांना त्यातल्या गोष्टी पाठ आहेत, तरी त्या पुन्हा ऐकतात.

‘‘मग शाळेच्या कागदावर तुमचा अंगठा कसा?’’ मी विचारलं. मुलीच्या शाळाप्रवेशाच्या अर्जाची प्रत मी अर्जासाठी पाहिली होती.

‘‘पोरीचं नाव घालायला गेले तवा सही केली की. तेलुगूत केली. तितला मानूस म्हनला, ही चालत न्हाई, मराठीत कर न्हाईतर अंगठा दे. मराठीत येत न्हाई. दिला अंगठा.’’ तिनं उजवा अंगठा वर करून दाखवला. त्याच्या पेराला दोऱ्यानं कापलेल्या बारीक रेघा होत्या.

घरी येताना मला माझाच राग येत होता. मी मूळची दुधनीची. आमच्याकडे निम्मा बाजार कन्नडमध्ये चालतो, दुकानांच्या पाट्या दोन्ही लिप्यांत असतात. आणि त्याहून मोठी गोष्ट, मी तीस वर्षं पोस्टात काढली. काउंटरवर बसण्याआधी काही वर्षं टपालाच्या छाननीला होते. किती तेलुगू कार्डं या हातांनी पुढे पाठवली असतील. पत्ता इंग्रजीत किंवा मोडक्या मराठीत, आणि मागे गच्च भरलेला गोलगोल तेलुगू मजकूर. ती कार्डं याच गल्ल्यांतून येत होती. कुणीतरी बसून लिहीत होतं, कुणीतरी वाचत होतं. त्यांच्यावर शिक्के मारताना मला हे ठाऊक होतं. दारात वही घेऊन उभी राहिल्यावर ते ठाऊक असलेलं कुठं गेलं होतं?

आम्ही पुन्हा घरोघर फिरलो. या वेळी विचारलं, ‘‘तुम्हाला कुठल्या भाषेतलं काय वाचता येतं?’’ प्रश्न ऐकून लोक आधी हसायचे, मग आत जाऊन काहीतरी घेऊन यायचे. कुणी पोथी आणली, कुणी लग्नाची पत्रिका. रिक्षा चालवणाऱ्या एका बापानं खिशातून उर्दू वर्तमानपत्राची घडी काढली. अक्कलकोटकडच्या एका आजोबांनी कन्नड पंचांग आणून आम्हाला त्या दिवसाची तिथी वाचून दाखवली. सगळेच वाचणारे नव्हते. अनेक घरांत खरोखरच कुणाला अक्षर येत नव्हतं, तिथं आम्ही तसं लिहिलं. पण आधीची यादी आता टिकत नव्हती.

मी पुण्याला फोन केला. त्या मुलीला सगळं सांगितलं.

‘‘काकू, फार छान आहे हे. पण अर्जात घालू नका.’’

‘‘का?’’

‘‘गरज कमी दिसेल. त्यांना वाटेल, पालक शिकलेले आहेत, मग आमची काय जरूर? आणि तुम्ही खोटं थोडंच लिहिलंय? तेव्हा तुम्हाला जे माहीत होतं ते लिहिलं.’’

‘‘आता माहीत झालंय ना.’’

‘‘बघा काकू. शेड जाईल. मुलं कुठं बसणार?’’

ती वाईट सल्ला देत नव्हती. तिनं अशा अर्जांतून कितीतरी शाळांना खोल्या मिळवून दिल्या होत्या. मी फोन ठेवला आणि दोन दिवस जुना अर्ज तसाच राहू दिला. मनाशी म्हणत होते, चाळीस मुलांच्या छपरासाठी एक शब्द तसाच राहिला तर राहिला. मुदत संपायला आठवडा होता.

तिसऱ्या दिवशी मी त्या आईकडे गेले. तिच्यावर लिहिलं होतं, तर तिला विचारायला हवं, एवढंच मनात होतं. मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवलं, आईनं विड्या वळत ऐकलं. ‘कुणीही एक अक्षर’ आलं तेव्हा तिचे हात थांबले नाहीत, पण तिनं मान वर केली नाही. संपल्यावर म्हणाली, ‘‘चांगलं लिवलंय. लई गरीब वाटतंय.’’

मी कागद परत घेतला.

‘‘बाई, एक सांगू का? तिला काय येत न्हाई ते लिवा की. तिला माझं पुस्तक वाचता येत न्हाई. मला तिचं येत न्हाई. ती हितं बसून वाचती, मी तितं बसून वाचते. ती हसली तर मला कळत न्हाई कशाला हसली. मी रडले तर तिला कळत न्हाई.’’ आणि मग मुलीच्या पाठीत हलका धपाटा घालून, ‘‘जोडाक्षरं बी चुकवती अजून. ते बी लिवा.’’

‘‘न्हाई चुकवत!’’ मुलगी ओरडली.

त्या रात्री मी अर्ज पहिल्यापासून लिहिला. या घरांत वाचन आहे. ते चार लिप्यांत आहे. पण आई वाचते ते लेकीला परकं आणि लेक वाचते ते आईला, आणि दोघींनी मिळून वाचावं असं एकही पुस्तक घरात नाही. शाळेला आईचं वाचन दिसत नाही, त्यामुळे हळूहळू ते मुलीलाही दिसेनासं होईल. आम्हाला मराठीबरोबर तेलुगू, उर्दू आणि कन्नड पुस्तकं हवीत, वाचून दाखवणाऱ्या आयांना मानधन हवं, आणि बसायला छप्पर हवं. शिक्षणाच्या रकान्यात ‘निरक्षर’ हा शब्द जिथं खरा होता तिथं ठेवला, बाकी ठिकाणी भाषा लिहिली. अर्ज ट्रस्टच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा होता; तिथं त्या रकान्यात तीनच पर्याय होते, म्हणून वेगळा कागद जोडला. मुलीची गोष्ट नव्यानं लिहिली आणि पाठवण्याआधी त्या दोघींनी ती पास केली.

महिन्याभरानं मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत मोबाइलच्या पडद्यावरच झाली. एक गृहस्थ आणि एक बाई होत्या. दोघंही सौजन्यानं बोलत होते. बाईंनी विचारलं, ‘‘आईला तेलुगू वाचता येतं, याचा मुलांच्या मराठी वाचनाशी संबंध काय?’’

प्रश्न योग्य होता. उत्तर मला आतून माहीत होतं, पण मी ते नीट मांडू शकले नाही. ओटा, सुपं, मासिक असं काहीतरी लांबलचक सांगत बसले. गृहस्थांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी म्हणाले, ‘‘म्हणजे या घरांना साक्षरतेची गरज आहे की नाही?’’

‘‘आहे,’’ मी म्हणाले. ‘‘पण मला वाटत होती तशी नाही.’’

नकाराचा मेल दोन ओळींचा होता. आपला प्रकल्प आमच्या सध्याच्या प्राधान्यक्रमात बसत नाही, शुभेच्छा. पुण्याच्या मुलीला कळवलं. तिनं ‘मी म्हटलं होतं’ असं म्हटलं नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे.

पहिला अर्ज पाठवला असता तर अनुदान मिळालं असतं का? कुणी सांगावं! कधी कधी वाटतं, मिळालंच असतं. हा विचार मी झटकून टाकत नाही, कारण त्या नकाराची झळ मला एकटीलाच लागली नाही. माझ्या मदतनीस मुलीला त्या दिवाळीनंतर कापडाच्या दुकानात नोकरी धरावी लागली. ती वर्गातल्या लहान मुलांना माझ्याहून चांगली शिकवायची. शेडही गेली. आता आम्ही एका समाजाच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात बसतो. लग्न असलं की वर्गाला सुट्टी, आणि लग्नसराईत लग्नं रोजच असतात. खरं लिहिलं म्हणून सगळं चांगलं झालं, असं मला म्हणता येत नाही.

पुढच्या वर्षी तोच अर्ज, थोडा आटोपशीर करून, एका लहानशा ट्रस्टकडे पाठवला. त्यांनी फक्त पुस्तकांपुरतं दिलं. मानधन नाही, जागा नाही. पण पुस्तकं चारही भाषांतली दिली. लोखंडी कपाट भरलं.

त्या मुलीची आई आता विड्यांच्या सुट्टीच्या दिवशी व्हरांड्यात येते. पहिल्यांदा आली तेव्हा उंबऱ्यातच घुटमळली, ‘‘मी काय शिकवनार?’’ म्हणाली. ‘‘शिकवू नका, ओट्यावर वाचता तसं वाचा,’’ मी म्हटलं. ती तेलुगूत चार ओळी वाचते, मुलगी त्या मराठीत सांगते, बाकीची मुलं ते वहीत लिहून घेतात. लिहिताना जोडाक्षरांवरून भांडणं होतात आणि मला पट्टी आपटावी लागते. तेलुगू बोलणारी मुलं मुलीच्या मराठीत चुका काढतात, इतर मुलं तेलुगू शब्द उचलून गल्लीभर मिरवतात. तिच्या पाठोपाठ येऊ लागलेल्या काही आया आता तेलुगू अक्षरंही मुलांकडून गिरवून घेतात. मुलं कंटाळतात, पण गिरवतात.

गेल्या वेळी गोष्टीत ‘नक्का’ हा शब्द आला. मुलगी म्हणाली, ‘‘एक कोल्हा होता.’’ सगळ्यांनी वहीत कोल्हा लिहिला. तेवढ्यात मागून एका मुलीचा आवाज आला. ती होटगीच्या बाजूची, तिचे काका मेंढरं राखतात. वर्गात ती एरवी तोंड उघडत नाही.

‘‘कोल्हा का खोकड?’’

‘‘एकच की,’’ कुणीतरी म्हणालं.

‘‘एकच न्हाय. खोकड बारकं असतंय, शेपटी झुबकेदार. कोल्हा थोराड. कोल्हा रातचं कोल्हेकुई करतोय, खोकड न्हाय तसं वरडत. आमी बगितलंय.’’

लेकीनं आईकडे पाहिलं. आईनं पुस्तकातलं चित्र पाहिलं. चित्र पुसट होतं. तिनं ते उजेडाकडे धरलं, तिरपं केलं, मग पुस्तक त्या होटगीच्या मुलीपुढे सरकवलं आणि म्हणाली, ‘‘तू सांग. शेपटी कसली हाय?’’